चित्रातला हात हलत नाही : व्यायाम शिकवणाऱ्या चित्रांची गोष्ट

काही वर्षांपूर्वी एक काकू खांदा आखडला म्हणून माझ्याकडे आल्या. मधुमेह जुना. मधुमेह असलेल्यांमध्ये खांदा आखडण्याचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच जास्त असतं. सांध्याभोवतीचं आवरण जाड आणि घट्ट होतं, हात वर जात नाही, मागे जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. गोळ्यांबरोबर मी त्यांना व्यायामाचा छापील कागद दिला. त्यावर लंबकाच्या व्यायामाची चार चित्रं होती. टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकायचं, दुखरा हात सैल सोडायचा आणि अंगाला हलका झोका देऊन तो हात घड्याळाच्या लंबकासारखा हलू द्यायचा. हात पुढे, हात मागे, हात डावीकडे, हात उजवीकडे, अशी चार चित्रं आणि शेजारी बाण.

सहा आठवड्यांनी काकू परत आल्या. खांदा होता तसाच, किंबहुना थोडा जास्तच आखडलेला. मी विचारलं, "व्यायाम करता ना?" त्या जरा दुखावल्याच. "रोज दोनदा करते डॉक्टर. एकही दिवस चुकवला नाही."

"मला करून दाखवा."

काकू टेबलाला धरून वाकल्या. हात पुढे नेला आणि तिथेच रोखून धरला. मनात दहा आकडे मोजले. मग हात मागे नेऊन रोखला, पुन्हा दहा आकडे. मग डावीकडे, मग उजवीकडे. चित्रात जसं होतं तंतोतंत तसं. लंबकाचा व्यायाम त्या आसनासारखा करत होत्या. ज्या सांध्याला हलवायचं होतं तो सहा आठवडे, दिवसातून दोनदा, मोठ्या निष्ठेने स्थिर धरला जात होता.

चूक काकूंची नव्हती. कागदावरची चित्रं स्थिर होती, त्यांनी स्थिती केली. बाण काय सांगतो हे मला शिक्षणामुळे कळत होतं, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून व्यायाम चित्रातून कसा शिकवायचा या प्रश्नाचा मी जरा मागोवा घेतला. हा प्रश्न फार जुना आहे आणि त्यात आमच्या व्यवसायातल्या मंडळींचा मोठा हात आहे, हे तेव्हा कळलं.

व्यायामावरचं युरोपातलं एक जुनं आणि गाजलेलं पुस्तक एका डॉक्टरचंच आहे. इटलीतले जेरोनिमो मर्कुरियाले यांचा व्यायामकलेवरचा लॅटिन ग्रंथ १५६९ साली आला आणि १५७३च्या आवृत्तीत त्यात लाकडी ठशांची चित्रं आली. कुस्ती, दोरावर चढणं, चेंडू. चित्रं देखणी आहेत, पण दोरावर चढणारा माणूस दोराच्या मधोमध कायमचा थांबलेला आहे. तो तिथपर्यंत कसा आला आणि पुढे कसा जाणार, ते वाचणाऱ्याने ओळखायचं. पुढची अडीच-तीनशे वर्षं परिस्थिती साधारण हीच होती.

चित्र पहिल्यांदा हललं ते १८३२च्या सुमारास. बेल्जियममधल्या जोसेफ प्लॅटो या शास्त्रज्ञाने एका गोल पुठ्ठ्याच्या कडेने एकाच माणसाची थोडी थोडी बदलणारी चित्रं काढली, चित्रांच्या मधे फटी पाडल्या आणि तो पुठ्ठा आरशासमोर फिरवला. फटीतून आरशात पाहिलं की चित्रातला माणूस गिरक्या घेताना दिसायचा. जवळपास त्याच वेळी व्हिएन्नामध्ये श्टाम्फर यांनीही तसंच चक्र बनवलं. चक्र संपलं की पुन्हा पहिल्यापासून, न थांबता. आज व्हॉट्सॲपवर फिरणारं 'जिफ' पाहिलं की मला हा पुठ्ठा आठवतो. चार-सहा चित्रं, सतत तीच हालचाल, आवाज नाही. कल्पना दोनशे वर्षांची झाली तरी फारशी बदललेली नाही. (प्लॅटो पुढे पूर्ण अंध झाले. प्रयोगासाठी सूर्याकडे टक लावून पाहिल्यामुळे दृष्टी गेली असं बरीच वर्षं सांगितलं जायचं. डोळ्याच्या आतल्या भागाला येणारी दीर्घकाळची सूज हे कारण आता जास्त संभवनीय मानतात. सूर्याकडे मात्र तुम्ही पाहू नका.)

इथे थोडं शरीरशास्त्र. डोळ्याच्या पडद्यावर आधीचं चित्र रेंगाळतं म्हणून हालचाल दिसते, असं आपण शाळेत शिकलो. ते अर्धवट आहे. मॅक्स वेर्टहायमर यांनी १९१२ साली दाखवलं की दोन वेगळ्या जागी दोन रेषा योग्य अंतराने चमकवल्या तर माणसाला एकच रेषा इकडून तिकडे सरकताना दिसते. मधली हालचाल मेंदू स्वतः तयार करतो आणि ती बहुधा जवळच्या रस्त्याने करतो. व्यायामाच्या बाबतीत हे महत्त्वाचं आहे. हात मांडीजवळ असलेलं एक चित्र आणि डोक्यावर असलेलं दुसरं, एवढीच दोन चित्रं आलटून पालटून दाखवली तर हात समोरून वर गेला की बाजूने, हे त्या चित्रांत नाहीच. मेंदू काहीतरी एक ठरवून टाकतो. खांद्याला मात्र त्या दोन रस्त्यांत बराच फरक पडतो.

आता छायाचित्राकडे येऊ. एडवर्ड मायब्रिज यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं. १८७८च्या जूनमध्ये कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे त्यांनी धावपट्टीलगत बारा कॅमेरे ओळीने लावले आणि धावत्या घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीवरून उचललेले असतात हे दाखवून दिलं. पुढे १८८७ साली त्यांच्या माणसं आणि प्राण्यांच्या हालचालींच्या ७८१ पट्ट्या प्रसिद्ध झाल्या. त्यात धावणारे, उड्या मारणारे खेळाडू आहेत आणि चालण्यात दोष असलेले रुग्णही आहेत. हे काम पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने झालं आणि रुग्णांच्या बाबतीत डरकम या मेंदूविकारतज्ज्ञांची मदत होती.

पण मला जास्त रस वाटला तो दुसऱ्या एका गोष्टीत. मायब्रिज यांनी १८७७ साली धावत्या घोड्याचा म्हणून जो फोटो प्रसिद्ध केला, तो खरं तर एका रंगवलेल्या चित्राचा फोटो होता. मूळ फोटो पुसट आला होता, म्हणून चित्रकाराकडून त्यावरून चित्र करवून घेतलं. नंतरच्या ७८१ पट्ट्यांचा बारकाईने अभ्यास करणाऱ्या मार्ता ब्राउन या इतिहासकारांना दिसलं की अनेक पट्ट्यांत मधली चित्रं गायब आहेत, क्रमांक बदललेले आहेत, काही ठिकाणी वेगवेगळ्या वेळची चित्रं एका ओळीत बसवली आहेत. पाहणाऱ्याला सलग हालचाल वाटावी एवढी हुशारी त्यात आहे. फोटो एडिटिंग हा मोबाईलच्या जमान्यातला रोग आहे असं समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

याच काळात पॅरिसमध्ये एक डॉक्टर वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचले होते. एतिएन-ज्यूल मारे, जन्म १८३०. आमच्या पिढीच्या डॉक्टरांना हे नाव माहीत असायला हवं, पण नसतं. मनगटावरच्या नाडीचे ठोके काजळी धरलेल्या कागदावर आपोआप रेघेने उमटवणारं हातात मावेल असं यंत्र त्यांनी १८६० साली केलं. आज मॉनिटरवर नाडीची लाट दिसते तिचं हे पणजोबा. नाडीनंतर ते चालण्याकडे वळले. बुटाच्या तळव्यात रबरी पोकळी, तिला जोडलेली नळी आणि धावणाऱ्याच्या हातात नोंद करणारं यंत्र. पाऊल टेकलं की हवा दाबली जायची आणि रेघ उमटायची. त्या रेघांवरून पाय किती वेळ जमिनीवर आणि किती वेळ हवेत हे समजायचं, पण शरीर कसं दिसतं हे समजायचं नाही.

मायब्रिज यांचे घोड्याचे फोटो पाहून मारे इतके हरखले की त्यांनी ते छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहून त्या फोटोग्राफरशी गाठ घालून द्या अशी विनंती केली. १८८१ साली दोघे पॅरिसमध्ये भेटले. पुढच्याच वर्षी मारे यांनी बंदुकीसारखा दिसणारा कॅमेरा केला. दस्ता खांद्याला लावायचा, नळी उडत्या पक्ष्यावर रोखायची, चाप ओढायचा आणि सेकंदाला बारा चित्रं टिपायची.

त्याच वर्षी, १८८२ मध्ये, पॅरिसच्या कडेला बोलोन्यच्या वनाजवळ सरकार आणि नगरपालिकेच्या पैशातून त्यांची उघड्यावरची प्रयोगशाळा उभी राहू लागली. धावण्यासाठी वर्तुळाकार पट्टी आणि मागे काळ्या रंगाची खोल शेड. सरकारने एका शरीरशास्त्रज्ञाच्या हौसेला पैसे का दिले असतील? १८७०च्या युद्धात प्रशियाने फ्रान्सचा दणदणीत पराभव केला होता. आपली पोरं अशक्त आहेत, कवायत शिकवायला हवी, असं तिथे घरोघरी बोललं जात होतं. १८८०च्या कायद्याने मुलांच्या सरकारी शाळांत व्यायाम सक्तीचा झाला. पण कोणता व्यायाम, कसा आणि किती, हे सांगणारं शास्त्र नव्हतं. ज्याच्या हातात शिट्टी तो सांगेल ते खरं.

मारे यांना इथे जोडीदार मिळाला जॉर्ज देमेनी. वीस वर्षांनी लहान, स्वतः व्यायामपटू, शास्त्रीय व्यायामाचं वेड असलेला माणूस. रोजचं बरंचसं काम तोच पाहायचा. एकाच काचेवर, फिरत्या चकतीच्या फटीतून, धावणाऱ्या माणसाची एकामागून एक चित्रं घ्यायची अशी पद्धत होती. अडचण अशी की माणूस सावकाश चालला की चित्रं एकमेकांवर चढायची आणि नुसता पांढरा लगदा दिसायचा. यावर त्यांनी काढलेली युक्ती मला आजही थक्क करते. त्यांनी माणसालाच झाकून टाकलं. डोक्यापासून पायापर्यंत काळे कपडे, आणि एका बाजूच्या हातापायांवर चमकदार पांढऱ्या पट्ट्या, सांध्यांवर ठिपके. काळ्या पार्श्वभूमीपुढे तो धावला की काचेवर माणूस उमटायचाच नाही, उमटायच्या फक्त रेषा. मांडीची रेषा, पोटरीची रेषा, दंडाची रेषा, पंख्यासारख्या उलगडत गेलेल्या. चेहरा, कपडे, मिशा, सगळं वजा. हेही एडिटिंगच, फक्त फोटो काढण्याआधी केलेलं आणि कुणाला न फसवणारं. आज मोठ्या रुग्णालयात चालण्याची तपासणी करताना सांध्यांवर चमकते ठिपके चिकटवतात, ती कल्पना इथली.

पॅरिसजवळ ज्वांव्हिल गावी सैन्याची व्यायामशिक्षक घडवणारी शाळा होती. तिथले पटाईत गडी येऊन या काळ्या शेडपुढे धावले, उड्या मारल्या. उंचावरून खाली उडी मारताना गुडघे ताठ ठेवले तर काय होतं आणि वाकवले तर काय होतं, याच्या रेषा शेजारी शेजारी ठेवून पाहता येऊ लागल्या. पाय किती जोराने आदळतो हे मोजणारा पाटही त्यांनी तयार केला होता. गुडघे वाकवून उतरणाऱ्याचा धक्का हळूहळू जिरतो. आज गुडघेदुखीच्या पेशंटला मी जे दोन वाक्यांत सांगतो ते तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

मग दोघांचं बिनसलं. त्या बिनसण्यात आपला मूळ प्रश्न दडलेला आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

देमेनीने १८९१-९२ मध्ये काचेच्या चकतीवर फोटो बसवून ते फिरवून दाखवणारं यंत्र केलं. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेतले शिक्षक मारिशेल यांना मुलांना ओठांवरून बोलणं वाचायला शिकवायचं होतं. देमेनीने स्वतःचाच चेहरा कॅमेऱ्यापुढे धरून "मी तुमच्यावर प्रेम करतो" अशा अर्थाचं छोटं फ्रेंच वाक्य उच्चारलं आणि ओठांची एकामागून एक चित्रं घेतली. चकती फिरवली की आवाज न करता चेहरा बोलायचा. हालत्या फोटोचा शिकवण्यासाठी केलेला हा अगदी सुरुवातीचा वापर, आणि तोही ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी. ल्यूमिए बंधूंचा सिनेमा यायला अजून तीन-चार वर्षं होती. देमेनीला वाटलं, हे घराघरांत जाईल, आपण कंपनी काढू.

मारे यांना त्यात रस नव्हता. त्यांचं म्हणणं साधारण असं, की डोळ्याला जे दिसतंच ते यंत्राने पुन्हा दाखवून काय मिळवलं? यंत्राने डोळ्याला न दिसणारं दाखवावं. हालचालीचे तुकडे करावेत, वेग कमी करावा, मोजमाप घ्यावं. १८९४ साली देमेनीला प्रयोगशाळा सोडावी लागली. पुढे तो ज्वांव्हिलच्या त्याच शाळेत शिकवू लागला आणि १९०२ साली त्याचं शारीरिक शिक्षणाच्या शास्त्रीय पायावरचं पुस्तक आलं. मारे यांनी १९०० साली पॅरिसला आलेल्या परदेशी खेळाडूंच्या उड्या आणि फेकी चित्रित करवून घेतल्या आणि १९०४ साली ते वारले.

मला विचाराल तर दोघंही बरोबर होते. तज्ज्ञाला तुकडे लागतात, शिकणाऱ्याला हालचाल लागते. माझ्या त्या कागदावर मारे यांचे तुकडे होते आणि काकूंना गरज देमेनीच्या चकतीची होती.

आपल्याकडेही व्यायामाची चित्रं काही कमी नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केलं. आसनांच्या फोटोंबरोबर क्ष-किरणांनी पोटाच्या आत काय होतं हे पाहण्याचे प्रयोग त्यात आहेत, म्हणजे मारे यांच्या जातकुळीतले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला, संस्थानातल्या शाळांत ते सुरू केले, पुस्तकं लिहिली. १९३८ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक लंडनहून निघालं. बडोद्याला आबासाहेब मुजुमदारांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' मराठीत सिद्ध केला. आणि पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांच्या १९६६च्या इंग्रजी पुस्तकात सुमारे सहाशे फोटो आहेत.

आसनासाठी स्थिर फोटो चालतो, कारण आसनाचा शेवट स्थिरतेतच आहे. सूर्यनमस्काराचं तसं नाही. माझ्या शाळेत व्यायामशाळेच्या भिंतीवर सूर्यनमस्काराचा तक्ता होता आणि सर आकडे घालायचे, "एक! दोन! तीन!" आम्ही प्रत्येक आकड्याला तक्त्यातल्या चित्रासारखे थिजायचो. दोन चित्रांच्या मधे काय करायचं ते कुणी दाखवलं नाही. मधे आम्ही धपकन पडायचो. पाठीचा कणा त्या धपकन पडण्यातच दुखावतो, चित्रातल्या स्थितीत क्वचितच. काकूंची आणि माझी चूक एकाच शाळेतली म्हणायची.

१९६०च्या दशकात परदेशी शाळांत आठ मिलिमीटरच्या फिल्मची बंद डबी निघाली. यंत्रात घातली की एकच कौशल्य, चार मिनिटांच्या आत, पुन्हा पुन्हा. उंच उडी, पोहण्यातला हात, कोलांटी. मग १९८७ साली जिफ ही फाइल आली, आणि पुढे मोबाईल. आज शारीरिक शिक्षणाचे शिक्षक मुलाची उडी मोबाईलवर टिपतात, चार फ्रेम काढतात, त्यावर रेषा आखतात. मारे यांना जे करायला सरकारी अनुदान लागलं ते मैदानावर दोन मिनिटांत होतं.

मग हलतं चित्र नेहमीच चांगलं का? नाही. २००२ साली बार्बरा ट्वेर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हलती चित्रं अनेकदा फार भराभर जातात, पाहणाऱ्याला नेमकं काय पाहायचं तेच कळत नाही. २००७ साली दोन जर्मन संशोधकांनी सव्वीस अभ्यासांचा एकत्र विचार केला. स्थिर चित्रांपेक्षा हलत्या चित्रांचा फायदा दिसला आणि तो सर्वांत जास्त दिसला तो हातापायांनी करायच्या गोष्टी शिकताना. हृदयाची झडप कशी चालते हे समजायला स्थिर आकृती पुरू शकते, खांदा फिरवायला शिकताना हालचाल पाहिलेली बरी.

धोका एडिटिंगचाही आहे. व्यायामाच्या क्लिप वेगवान केलेल्या असतात, मधला अवघड भाग कापलेला असतो, करणारा पंचविशीतला असतो. तुमचा साठीचा गुडघा त्या वेगाशी बरोबरी करायला जातो. क्लिप पाहून व्यायाम करणार असाल तर ती आधी अर्ध्या वेगाने पाहा, बहुतेक मोबाईलवर तशी सोय असते. एका वेळी एकच हालचाल शिका. आणि करताना वेदना वाढत गेली किंवा हातापायाला मुंग्या आल्या तर थांबून आपल्या डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना दाखवा. क्लिपमधल्या माणसाला तुमचा खांदा दिसत नसतो.

काकूंचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्यांचा नातू बरोबर आला होता. मी काकूंना क्लिनिकमध्येच वाकवलं, कमरेला हलका धक्का दिला, हात सैल सोडायला लावला आणि तो पहिल्यांदा आपोआप झुलला. नातवाने लगेच मोबाईलवर सहा-सात सेकंदांचा व्हिडिओ घेतला आणि तो सतत फिरत राहील असा करून आजीच्या फोनवर टाकला. काकूंनी चष्मा लावून तो पाहिला आणि म्हणाल्या, "हा माझा हात नाही. माझं घड्याळ डाव्या हातात असतं." नातवाने स्वतःकडे तोंड असलेला कॅमेरा वापरला होता आणि त्याच्या फोनने आरशासारखं उलटं चित्र साठवलं होतं. उजव्याचं डावं. मला ते लक्षात आलं नव्हतं. त्याने ते तिथल्या तिथे पालटून दिलं.

आखडलेला खांदा सुटायला महिने लागतात. काकूंनाही लागले. सात-आठ महिन्यांनी त्यांचा हात वेणीपर्यंत पोचला. आता व्यायाम सांगायचा असेल तर मी पेशंटच्याच फोनवर, पेशंटचाच, बाजूने व्हिडिओ घेतो. त्या छापील कागदांचा गठ्ठा उरला होता. आमच्या कंपाउंडरने त्याचे चार-चार तुकडे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पेशंटचे नंबर लिहायला घेतले. ते अजून पुरतायत.